विश्लेषण : बी-स्कूलचा प्रवेश निबंध, गोंदियाच्या मुलांकडे सांगण्यासारखे काय आहे?

एमबीए प्रवेशाच्या अर्जातील निबंध म्हटला की पोटात गोळा येतो. खेड्यातून आलेल्या मुलांना वाटते, आपल्याकडे लिहिण्यासारखे काहीच नाही. प्रत्यक्षात धानाच्या जिल्ह्यात व्यवसायाचे शिक्षण रोज होत असते. ते कागदावर मात्र येत नाही. असे का होते आणि त्यावर उपाय काय?

ट्रॅक्टरवर धानाची पोती लादून खरेदी केंद्राच्या रांगेत वडिलांसोबत रात्र काढलेली, आईच्या बचत गटाचे रजिस्टर दर महिन्याला लिहून देणारी मुलगी पदवीनंतर एखाद्या नामांकित बिझनेस स्कूलचा अर्ज भरायला बसते. ‘स्वतःविषयी लिहा’ असा रकाना समोर येतो आणि तिचे पहिले वाक्य उमटते, ‘लहानपणापासूनच मला व्यवस्थापन क्षेत्राची आवड आहे.’ हे वाक्य खरे नसते. आठ-दहा वर्षांच्या मुलीला व्यवस्थापन क्षेत्र नावाचे काही असते हेच ठाऊक नसते. पण गाइडमध्ये असेच लिहिलेले असते आणि मोबाइलवर सापडलेल्या नमुन्यातही. रांगेतली रात्र आणि बचत गटाचे रजिस्टर मात्र अर्जात कुठेच येत नाही. गोंदिया जिल्ह्यातील मुलांचे खरे नुकसान इथे होते.

निबंध नेमका कुठे लागतो?

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. एमबीएच्या प्रत्येक प्रवेशाला निबंध लागत नाही. महाराष्ट्रातील बहुतांश व्यवस्थापन महाविद्यालयांचे प्रवेश राज्याच्या एमबीए सीईटीतून होतात. ही परीक्षा २०० बहुपर्यायी प्रश्नांची, १५० मिनिटांची राहिली आहे. गुण, गुणवत्ता यादी आणि कॅप फेऱ्या असा तिचा सरळ रस्ता आहे. तिथे कोणी तुमची गोष्ट विचारत नाही.

आयआयएमचा रस्ता थोडा वेगळा. नागपूरला २०१५ मध्ये आयआयएम सुरू झाली आणि मिहानमधील तिच्या कायमस्वरूपी संकुलाचे उद्घाटन मे २०२२ मध्ये झाले. गोंदियाहून सकाळची गाडी पकडून दुपारी जिथे पोहोचता येते, अशा अंतरावर ही संस्था आली. देशभरातील आयआयएमसाठी कॅट ही परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस होते. ती पार केलेल्यांना मुलाखतीला बोलावतात आणि अनेक आयआयएममध्ये मुलाखतीच्या जोडीला लेखनक्षमता चाचणी, म्हणजे ‘वॅट’ असते. एखादा विषय दिला जातो आणि थोड्या वेळात, तिथेच बसून आपले मत मांडायचे असते.

अर्जासोबत घरून निबंध लिहून द्यावा लागतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. हैदराबाद आणि मोहालीच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्थेत, नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठीच्या आयआयएमच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांत आणि परदेशी विद्यापीठांत. मुंबईची एसपीजेआयएमआर अर्जदाराची पार्श्वभूमी आणि ध्येय यांवर प्रश्न विचारते, तोही लहान निबंधच. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०२४ पासून एका मोठ्या निबंधाऐवजी तीन छोटे निबंध मागायला सुरुवात केली. पहिल्याला ३०० शब्दांची मर्यादा, उरलेल्या दोघांना २५०. स्टॅनफर्ड गेली कित्येक वर्षे एकच अवघड प्रश्न विचारते, की तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते आणि का. एमआयटीची स्लोन संस्था तर ३०० शब्दांत पत्र लिहायला सांगते.

इतके पाहिल्यावर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, निबंध हा गुणांना पर्याय नाही. कॅट, जीमॅट किंवा जीआरईचे गुण पुरेसे नसतील तर सुंदर निबंधही सहसा तारत नाही. दोन, गुण जुळलेल्या शेकडो अर्जदारांतून कोणाला बोलवायचे, हे ठरवताना तोच निबंध कामी येतो. जीमॅटने नव्या स्वरूपात आपल्या परीक्षेतील निबंध काढून टाकला आहे. त्यामुळे जीमॅट देणाऱ्याचे लेखन जोखायला संस्थेच्या हाती मुख्यतः अर्जातले लेखनच उरते.

वाचणारा काय शोधतो?

प्रवेश समितीतील माणूस दिवसभर अर्ज वाचत असतो. ‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत’, ‘मी मेहनती आणि जिद्दी आहे’, ‘मला समाजासाठी काहीतरी करायचे आहे’ ही वाक्ये त्याने त्या दिवशी पन्नास वेळा वाचलेली असतात. त्याला विशेषणे नकोत. त्याला तीन साधी उत्तरे हवी असतात. अडचण आली तेव्हा या व्यक्तीने काय ठरवले? त्या निर्णयाचे काय झाले? आणि त्यातून तिला काय कळले?

म्हणजे वाचणाऱ्याला हिशेब हवा असतो, आणि अर्जदार त्याच्यासमोर जाहिरात ठेवतो. धानाच्या जिल्ह्यात हिशेब कळत नाही असा माणूस विरळा. एका क्विंटल धानातून सरकारी भरडाईला ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो, कणी किती निघाली, कोंडा कोणी नेला, तुसाचे काय झाले, हे मिलमध्ये हमाली करणाऱ्यालाही ठाऊक असते. हीच नजर स्वतःच्या आयुष्याकडे वळवली की निबंध लिहिता येतो. किती घातले, किती निघाले, कुठे तुटले आणि का, एवढेच सांगायचे असते.

‘आमच्याकडे सांगण्यासारखे काय आहे?’

हा प्रश्न गोंदियातल्या मुलाला पडतो, पुण्यातल्या मुलाला तितका पडत नाही. पुण्यातल्या मुलाकडे इंटर्नशिप, स्पर्धा, परिषदा, परदेशी सहल असते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात तसे फार काही मिळत नाही. पण व्यवसाय म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर इथे कमतरता कसलीच नाही.

हमीभाव घ्या. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाला क्विंटलला २,३६९ रुपये हमीभाव जाहीर झाला. तरीही अनेक शेतकरी कमी दरात व्यापाऱ्याला धान का विकतात? कारण केंद्रावर पैसे उशिरा मिळतात आणि घरी देणेकरी आजच उभा असतो. हा खेळत्या भांडवलाचा प्रश्न आहे आणि एमबीएच्या पहिल्या सत्रात हाच विषय वेगळ्या नावाने शिकवतात.

तेंदूपत्ता घ्या. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन आणलेल्या पानांचे ७० पानांचे पुडे बांधले जातात. विदर्भात वनहक्क मिळालेल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतःच्या हाती घेतला. ठेकेदाराशी बोलणी कोणी केली, दर कसा ठरला, गावाने पैसे कसे वाटले, या प्रत्येक प्रश्नात वाटाघाटीचा एक धडा आहे. मालगुजारी तलाव घ्या. ढिवर समाजाच्या मासेमारी सहकारी संस्थांमध्ये बीज कधी सोडायचे, तलाव कोणाचा, मासे कोणत्या बाजारात न्यायचे, यावरून होणारी भांडणे म्हणजे संघटन व्यवस्थापनच. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा वीज प्रकल्प आल्यावर आसपासच्या गावांतील रोजगार, भाडे, दुकाने कशी बदलली, हे त्या गावात राहणाऱ्या मुलाने डोळ्यांनी पाहिले आहे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या. त्यांतून ‘एचएमटी’ वाण उभा राहिला आणि देशभर पसरला. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम झाले होते. त्यांनी काय केले? इतरांनी जे पाहून सोडून दिले ते नीट पाहिले आणि जपून ठेवले. चांगल्या निबंधाची सुरुवातही अशीच होते. त्यासाठी फार मोठी घटना लागत नाही, आपण नीट पाहिलेली एखादी गोष्ट पुरते.

चांगला परिच्छेद कसा बनतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सडक अर्जुनी तालुक्यातील वाणिज्य शाखेचा एक पदवीधर अर्जात आधी असे लिहितो, ‘मी गावातील शेतकऱ्यांना एकत्र करून त्यांच्या समस्या सोडवल्या. यातून माझे नेतृत्वगुण विकसित झाले.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणत्या समस्या? किती शेतकरी? खरेच सुटल्या?

मग कोणीतरी त्याला बसवून विचारते, नेमके काय झाले होते? तो सांगू लागतो. त्या वर्षी हार्वेस्टरने कापलेले धान ओलसरच पोत्यात भरले गेले. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. त्याच्या वडिलांची ट्रॉली परत आली, भाडे दुप्पट पडले. पुढच्या वर्षी त्याने ओळखीच्या मिलमधून ओलावा मोजायचे यंत्र उसने आणले आणि अकरा शेतकऱ्यांना समाजमंदिराच्या अंगणात दोन दिवस धान वाळवायला राजी केले. सात जणांचे धान पहिल्याच खेपेला लागले. चार जणांनी मात्र मध्येच व्यापाऱ्याला विकून टाकले. त्याला राग आला. महिनाभराने त्यातल्या एकाच्या घरी गेल्यावर कळले की मुलीच्या दवाखान्यासाठी त्याला त्याच दिवशी पैसे हवे होते. ओलाव्याचा प्रश्न यंत्राने सुटला, पण खरा प्रश्न रोख रकमेचा होता आणि तो आपल्याला दिसलाच नव्हता, असे तो म्हणतो.

निबंध इथे आहे. त्या अकरा जणांत, सात जणांच्या यशात आणि त्याहून जास्त त्या चार जणांत. पहिल्या मसुद्यात त्याने ते चार जण लपवले असते, कारण शाळेपासून अपयश झाकायची सवय असते. पण त्या चौघांमुळेच वाचणाऱ्याला कळते की हा मुलगा स्वतःची चूक पाहू शकतो. ‘एमबीए का?’ या प्रश्नाचे उत्तरही तिथूनच निघते. छोट्या शेतकऱ्याला विक्री आणि पैसे यांच्यातल्या दिवसांसाठी कर्ज कसे मिळेल, हे त्याला शिकायचे आहे. आता हे ध्येय ‘समाजासाठी काहीतरी’ राहिलेले नाही.

या उदाहरणातून चार नियम निघतात. एकच प्रसंग घ्यावा, पाच घेऊ नयेत. आकडा लहान असला तरी खराच द्यावा. अकराचे एकशे दहा करू नयेत, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येतो. गावकऱ्यांनी काय केले आणि स्वतः काय केले, हे वेगळे लिहावे. आणि जे फसले ते किमान दोन ओळींत सांगावे.

गरिबी किती सांगावी?

हा नाजूक प्रश्न आहे. काही मुलांना कोणीतरी सांगितलेले असते की गरिबी लिहिली की प्रवेश मिळतो. मग निबंधात कौलारू घर, कंदील, अनवाणी शाळा असे सगळे ओळीने येते. काही मुले याच्या अगदी उलट वागतात. आई तेंदूपत्ता तोडायला जाते, हे लिहायची त्यांना लाज वाटते. दोन्हीकडे चूक एकच आहे, परिस्थितीला नायक केले जाते किंवा लपवले जाते. अर्जदाराने काय केले, हे बाजूलाच राहते.

इथे १४० वर्षांपूर्वीचे एक मराठी उदाहरण आठवते. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोहोचल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. मूल जगले नाही, हे दुःख त्यांनी चौदाव्या वर्षी पचवले होते. त्यांनी त्या पत्राचे रडगाणे केले नाही. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करत नाही, हे त्यांनी सरळ मान्य केले. आपले शिक्षण किती, कोणत्या भाषा येतात, हे सांगितले. आप्तांचा आणि जातभाईंचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, हे एका ओळीत आले, तेही निश्चयाचा पुरावा म्हणून. आणि येण्याचे कारण नेमके होते : पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांवर उपचार करणे. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

आजच्या भाषेत ते पत्र म्हणजे प्रवेश निबंधच होता. उणीव मान्य करणे, पुरावा देणे, हेतू नेमका सांगणे हे तिन्ही त्यात होते. परिस्थिती तिथे होती, पण निर्णयाची किंमत कळावी एवढ्यापुरतीच. आजच्या अर्जदारालाही हेच माप लावता येते. घरची अडचण सांगितल्याने तुमचा एखादा निर्णय वाचणाऱ्याला जास्त समजत असेल, तर ती जरूर सांगावी. नुसती सहानुभूती मिळवण्यासाठी असेल तर गाळावी.

‘एमबीए का?’ हे आधी स्वतःला विचारा

निबंधाचा सर्वांत दुर्लक्षित उपयोग प्रवेश मिळण्याआधीच होतो. मोठ्या आयआयएममध्ये दोन वर्षांचे शुल्क २० लाख रुपयांच्या पुढे गेले आहे, परदेशात तर त्याच्या कित्येक पट. गोंदियातल्या बहुतेक घरांसाठी याचा अर्थ शैक्षणिक कर्ज, कधी शेत गहाण, आणि पुढची काही वर्षे हप्ते. इतका मोठा निर्णय ‘मित्र करतोय म्हणून’ किंवा ‘इंजिनीअरिंगनंतर दुसरे काय’ म्हणून घेतला जातो.

पाच वर्षांनी काय काम करायचे आहे, त्यासाठी आज काय येत नाही, ते नेमके कुठे शिकवतात, हे प्रश्न निबंध विचारतो. याची प्रामाणिक उत्तरे लिहिताना काहींना कळते की आपल्याला एमबीए नको, बँकेची परीक्षा द्यायची आहे, किंवा काकांची मिल नीट चालवायची आहे, किंवा आधी दोन वर्षे नोकरी करून मग बघायचे आहे. असे उत्तर आले तरी निबंधाचा वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही. उलट कुटुंबाचे कर्ज वाचले.

उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न, हीच संस्था का? इथे बहुतेक जण संस्थेच्या संकेतस्थळावरची स्तुती तिलाच परत पाठवतात. ‘आपली जगप्रसिद्ध संस्था, उत्कृष्ट प्राध्यापक, भव्य परिसर’ हे संस्थेला आधीच माहीत असते. त्याऐवजी संस्थेतला एखादा विषय, एखादा उपक्रम आणि तो आपल्या कामाशी कसा जुळतो, हे लिहावे. शेतीमालाच्या साखळीत काम करायचे असेल तर शेती व्यवसायाचा अभ्यासक्रम कुठे आहे, ग्रामीण भागात प्रत्यक्ष काम कुठे करायला लावतात, हे शोधायला दोन संध्याकाळी लागतात. संस्थेचे नाव खोडून दुसरे घातले तरी परिच्छेद जसाच्या तसा चालत असेल, तर तो पुन्हा लिहायला हवा.

इंग्रजीचे काय?

जिल्ह्यात घरी पोवारी, गोंडी, झाडीबोली किंवा हिंदी बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली मुले निबंध थेट इंग्रजीत लिहायला बसतात. मग शब्द सापडत नाहीत म्हणून विचारही लहान होतो. ‘चुरणे’ला काय म्हणतात हे आठवत नाही, म्हणून मळणीचा प्रसंगच गाळला जातो.

उपाय साधा आहे. आधी बोलावे. मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करावा, मित्राला सांगतो तसा, घरच्या बोलीत. मग ते मराठीत उतरवून काढावे. प्रसंग नीट बसला की शेवटी इंग्रजीत न्यावे, छोट्या वाक्यांत. प्रवेश समितीला अलंकारिक इंग्रजी नको असते, चुका नसलेले आणि समजणारे इंग्रजी पुरते. ‘बांधी’ म्हणजे काय, हे एका ओळीत समजावले की तोच शब्द वापरता येतो आणि तो वाचणाऱ्याच्या लक्षातही राहतो.

वॅटसाठीही हीच सवय कामी येते. किमान आधारभूत किमतीवर मत मांडायला सांगितले तर शहरातला मुलगा वर्तमानपत्रातले दोन मुद्दे लिहील. खरेदी केंद्राच्या रांगेत उभा राहिलेला मुलगा बारदान्याची टंचाई, ओलावा, उशिरा मिळणारे पैसे यांवर बोलू शकतो. फक्त त्याला हे ‘ज्ञान’ आहे असे वाटायला हवे.

सल्लागार आणि एआयने काम सोपे होते का?

मोठ्या शहरांत अर्ज लिहायला मदत करणारे सल्लागार आहेत आणि त्यांची फी गोंदियातल्या कुटुंबाला परवडणारी नाही. ती दरी एआयने भरून काढली, असे आता अनेकांना वाटते. चार ओळी टाकल्या की मोबाइल पाचशे शब्दांचा गुळगुळीत निबंध देतो.

अडचण त्या गुळगुळीतपणातच आहे. हजारो अर्जदार एकाच यंत्राला जवळपास एकच प्रश्न विचारतात, तेव्हा उत्तरेही भावंडांसारखी दिसतात. यंत्राला खरेदी केंद्राची ती रात्र माहीत नसते. मग ते ती कल्पनेने रंगवते. पुढे मुलाखतीत ‘तुम्ही इथे लिहिले आहे की...’ असे म्हणून कोणी त्या रंगवलेल्या ओळीवर बोट ठेवले की अर्जदार गप्प होतो. अनेक संस्था नक्कल तपासतात आणि मदतीच्या मर्यादा अर्जातच सांगतात. त्या वाचाव्यात. व्याकरण तपासायला, कठीण वाक्य सोपे करायला यंत्राची मदत घेणे वेगळे, आणि आपले आयुष्य त्याच्याकडून लिहून घेणे वेगळे.

त्यापेक्षा चांगले परीक्षक घरी आहेत. निबंध मराठीत आईला, भावाला किंवा जुन्या शिक्षकांना वाचून दाखवावा. ‘हे तर तूच’ असे ते म्हणाले तर निबंध जमला. ‘हे कोणाचे आहे?’ असे विचारले तर पुन्हा लिहावा.

मुळात ही पद्धत न्याय्य आहे का?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. सीईटीचे गुण सर्वांना दिसतात, यादी लागते, हरकत घेता येते. निबंध मात्र बंद खोलीत वाचला जातो. नाकारले तर कारण कळत नाही. पैसे असलेला मुलगा चांगले लेखन विकत घेऊ शकतो. म्हणून ग्रामीण आणि वंचित घरांतील पालकांना गुणांची परीक्षा जास्त प्रामाणिक वाटते, यात गैर काही नाही.

पण याला दुसरी बाजूही आहे. गुणांच्या परीक्षेतही महागडे क्लास लावणारा पुढे असतोच. निदान निबंधात तरी असे काही मागितले जाते जे क्लासमध्ये मिळत नाही, म्हणजे स्वतः जगलेले आणि केलेले. आयआयएमची वॅट तर समोर बसून लिहायची असते, ती कोणाकडून लिहून आणता येत नाही. पद्धत निर्दोष नाही. तरीही ज्यांच्याकडे खरा अनुभव आहे त्यांनी तो न लिहिता मैदान सोडणे, हा त्या दोषावरचा उपाय नव्हे. खरी विषमता अनुभवाची नाही, तो लिहायला शिकवणाऱ्या माणसाची आहे.

मग शिकवायचे कोणी?

शाळेत ‘माझा आवडता ऋतू’ गाइडमधून पाठ करून लिहिला की दहापैकी आठ गुण मिळतात. स्वतःचे लिहिले की लाल पेनाने खुणा होतात. मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा निबंध म्हणजे स्वतःचे मत ठणकावून मांडणे होते. आज निबंध म्हणजे दुसऱ्याचे वाक्य आपल्या अक्षरात उतरवणे झाले आहे. बी-स्कूलच्या अर्जात मुलगा अडखळतो, त्याचे मूळ आठवीच्या वहीत आहे.

विदर्भात यावर काम झाले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातून आलेले राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये शिकले. त्यांनी उभी केलेली एकलव्य ही संस्था शिक्षणातल्या पहिल्या पिढीच्या मुलांना नामांकित संस्थांचे अर्ज आणि हेतुपत्र लिहायला मार्गदर्शन करते. त्यामागचा विचार सोपा आहे. एकदा गेलेल्याने पुढच्याला रस्ता दाखवायचा. हे काम एका संस्थेवर सोडून देण्याचे कारण नाही.

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव इथल्या महाविद्यालयांना त्यासाठी नवी इमारत किंवा निधी लागत नाही. आठवड्यातून एक तास, वीस मुले आणि प्रश्न विचारणारा एक शिक्षक पुरतो. ‘या महिन्यात तू घेतलेला एक निर्णय सांग. मग काय झाले?’ एवढाच प्रश्न विचारावा, दर आठवड्याला एक पान लिहून घ्यावे आणि व्याकरणाआधी खरेपणा तपासावा. महाविद्यालयातून आयआयएम किंवा परदेशात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी आल्यावर दोन तास दिले तरी पुष्कळ.

वेळही बघायला हवी. परदेशी संस्थांची पहिली फेरी बहुधा सप्टेंबरमध्ये बंद होते आणि कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस असते, म्हणजे ऐन धान कापणीत. निबंधाची तयारी पऱ्हे टाकण्याच्या दिवसांतच सुरू झाली पाहिजे. रोवणी चुकली की पीक मागे पडते, हे इथल्या कोणाला सांगायला नको. निबंधाचेही तसेच आहे. शेवटच्या रात्री बसून लिहिलेल्या निबंधात गाइडमधलीच वाक्ये उगवतात.

थोडक्यात काय?

गोंदियाचा मुलगा म्हणून कोणाला प्रवेश मिळत नाही आणि तसा मिळूही नये. पण खरेदी केंद्र, मिल, तलाव आणि जंगल यांच्या मधोमध वाढलेल्या मुलीने आपल्या अर्जात ‘लहानपणापासूनच मला व्यवस्थापन क्षेत्राची आवड आहे’ असे लिहिणे, म्हणजे घरचा तांदूळ कोठीत ठेवून बाजारातून कणी आणण्यासारखे आहे. तिने ते वाक्य खोडावे आणि त्या रात्रीपासून सुरुवात करावी. रांगेत किती ट्रॅक्टर होते, वडील काय म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तिने काय केले, हे तिला माहीत आहे. दुसऱ्या कोणाला माहीत असायचे कारण नाही.